वहीत जमा झालेला पाऊस

आमच्या भावजींएवढा संशयी माणूस सगळ्या अकोले तालुक्यात झाला नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, "तालुक्यातली सगळी माणसं तपासून बघितलीत का वहिनी?" भावजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. सत्तर सालानंतरची आठदहा वर्षं आम्ही राजूरला भिंतीला भिंत लावून राहिलो. आमचे हे तिथल्या दवाखान्यात कंपौंडर, आणि भावजी हिरड्याच्या वखारीचे कारकून. मधल्या भिंतीला वरच्या अंगाला एक झरोका होता. त्यातून वन्सं मला विरजण द्यायच्या, मी त्यांना मिरच्या द्यायची, आणि पलीकडून भावजींचा आवाज यायचा, "किती दिल्या? मोजल्या का?" मिरच्या हो! देणारीनं मोजल्या नाहीत, घेणारीनं मोजल्या नाहीत, आणि ह्या गृहस्थाला चैन नाही.

दूधवाल्याला ते कधी टाकून बोलले नाहीत. नुसते चरवीत बघत उभे राहायचे. इतका वेळ बघायचे, इतका वेळ बघायचे, की शेवटी तो बिचारा आपण होऊनच म्हणायचा, "आज वाईच पानी हाय मालक, भांडं वलं हुतं." घराला कुलूप लावलं की तीन हिसके द्यायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथून वन्संना परत पाठवायचे कुलूप बघायला, आणि वन्सं खरोखर कुलपापर्यंत गेल्या की मधूनच वळल्या हे बघायला स्वतः मागोमाग. अकोल्याची एस.टी. लागली तर पाटी वाचून भागायचं नाही. कंडक्टरला विचारायचं, मग ड्रायव्हरला, मग आत बसलेल्या एखाद्या म्हातारीला, "आजी, तुम्ही कुठं चाललात?" तिघांचं उत्तर जुळलं तरच पायरीवर पाय. एकदा पोस्टात सही करून ते तिच्याकडे टक लावून बघत बसले. पोस्टमास्तर म्हणाले, "काय झालं?" तर म्हणतात, "नेहमीपेक्षा सफाईदार आलीय." स्वतःच्या सहीचासुद्धा संशय!

आता ती वखार कुणाची, ते सांगते. आमच्या त्या डोंगरांत हिरड्याची झाडं चिक्कार. उन्हाळ्यात बाया-माणसं बारका हिरडा गोळा करून, अंगणात वाळवून, डोईवरच्या पाट्यांतून राजूरला आणायची. तो घ्यायला एका परदेशी कंपनीनं वखार उघडली होती. तिकडं म्हणे तो कातडी कमवायला लागतो. कंपनीचं मोठं ऑफिस सातासमुद्रापलीकडे, मधलं ऑफिस मुंबईला, आणि शेपटाचं टोक म्हणजे आमचे भावजी. कुठकुठल्या देशांत त्यांच्या अशा शाखा. सगळ्यांचे हिशेब वर्षाकाठी एका जागी गोळा व्हायचे, म्हणून ते एकाच पद्धतीनं लिहिले जावेत असा मोठ्या ऑफिसचा कटाक्ष. त्यासाठी प्रत्येक शाखेला एक जाडजूड हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक दिलेलं. आपली कंपनी हिशेब कुठल्या धोरणानं ठेवते, मालाची किंमत कशी धरायची, जुन्या वस्तूंची घट कशी टाकायची, तोटा कधी मानायचा, फायदा कधी मानायचा, सगळं त्यात कलमवार.

दूधवाला, कंडक्टर, कुलूप, बायको, कुणावरच विश्वास न ठेवणारा हा माणूस त्या पुस्तकावर मात्र पार भाळला. कारण काय असेल? माझा अंदाज असा, की त्यांना पहिल्यांदाच आपल्याहून संशयी कुणीतरी भेटलं. संध्याकाळी ओसरीवर बसून मला त्यातली कलमं मराठीत करून सांगायचे. "हे ऐका वहिनी. 'मालाची किंमत खरेदीभावानं किंवा बाजारभावानं धरावी, दोन्हींत जी कमी असेल ती.' वा! कमी असेल ती! आणि हे बघा, 'तोटा होईल अशी शंका आली तरी तो लगेच धरावा. फायदा मात्र हाती पडेपर्यंत धरू नये.' काय माणूस असेल हो लिहिणारा!" मी म्हटलं, "त्याच्या बायकोचं कसं चालत असेल?" तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मी पदर सावरून घरात पळाले.

आणि नुसतं वाचून थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी ते घरात लागू केलं. मुलगी मॅट्रिकला पास झाली, पेपरात नंबर आला, शाळेतले गुरुजी घरी येऊन सांगून गेले, तरी पेढे नाहीत. का? तर प्रमाणपत्र हातात आलेलं नाही. उलट त्याच आठवड्यात ती एकदा शिंकली, तर सगळ्या घराला तीन दिवस काढा. नव्या छत्रीचं आयुष्य त्यांनी आणल्या दिवशीच चार वर्षं ठरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर दरसाल तिची किंमत चौथ्या हिश्श्यानं उतरवत आणली. पाचव्या पावसाळ्यात छत्री ठणठणीत, काडी हललेली नाही; पण भावजींच्या लेखी ती शून्य झालेली. शून्य वस्तू डोक्यावर कशी धरायची? म्हणून हे गृहस्थ राजूरच्या त्या आडव्यातिडव्या पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वखारीत जायचे, आणि वन्सं ती शून्य छत्री उघडून ऐटीत बाजाराला. एकदा वन्संनी रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीऐवजी नाचणीची केली, तर विचारतात, "बदल का केला? पद्धत बदलली तर कारण नोंदवावं लागतं." वन्सं म्हणाल्या, "ज्वारी संपली. लिहा."

असं हसतखेळत चाललं होतं. पण आता जे सांगते, त्यात हसू थोडं कमी आहे.

कंपनीचं हिशेबाचं वर्ष संपायचं जूनअखेर. त्या दिवशी वखारीतली सगळी पोती काट्यावर चढवायची आणि पुस्तकातल्या कलमाप्रमाणे वही जुळवायची. कलम असं, की वही आणि काटा यांत फरक निघाला तर काटा खरा मानावा आणि वही त्याप्रमाणे दुरुस्त करावी. आता हिरडा घेतलेला उन्हाळ्यात, वाळून खडखडीत झालेला. जूनअखेरीला राजूरला भिंतींना ओल फुटते, मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही. त्या दिवसांत काटा दरवर्षी वहीपेक्षा जास्त दाखवायचा. पहिल्या वर्षी भावजींना ते खटकलं होतं. "न घेतलेला माल आला कुठून?" म्हणून त्यांनी मुंबईच्या माणसाला विचारलंही. त्यानं उलट विचारलं, "पुस्तकात काय लिहिलंय?" संपलं. जास्तीचं वजन वहीत जमा झालं. पुढं श्रावण-भाद्रपदात ट्रकांतून माल तसाच ओलसर मुंबईला जायचा आणि वखार रिकामी व्हायची, त्यामुळे कधी काही उघडं पडलं नाही.

त्या एका वर्षी मात्र दोन गोष्टी जुळून आल्या. मुंबईला बोटी लागल्या नाहीत म्हणून माल वखारीतच पडून राहिला. आणि गणपती झाल्यावर मोठ्या ऑफिसचं पत्र आलं, की यापुढे जगातल्या सगळ्या शाखांनी आपला माल एकाच दिवशी मोजायचा, डिसेंबरच्या अखेरीला. मोजायला मुंबईहून एक साहेब आले. पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले, बोलणं मऊ आणि नजर मात्र सुई. दोन दिवस पोती काट्यावर चढत-उतरत होती. तिसऱ्या दिवशी साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "पोती सगळी आहेत. शिवण शाबूत आहे. पण तीस पोत्यांचा माल कमी भरतोय. तो कुठं गेला?"

भावजी त्या दिवशी घरी आले ते कोटासकट पाटावर बसले, आणि भाकरी पुढ्यात तशीच. नोकरी तर जाणारच होती. पण आमच्याकडे नोकरीचं एवढं नाही हो, माणूस दुसरी बघतो. राजूरसारख्या गावात 'वखारीत हात मारलेला कारकून' म्हणून एकदा नाव पडलं, की ते पोराबाळांच्या सोयरिकीपर्यंत पुरतं. त्यांनी ज्याच्या त्याच्यावर संशय घेऊन पाहिला. रखवालदार, हमाल, ट्रकवाला, काटा, काट्याचा खिळासुद्धा. प्रत्येक पोत्यातून मूठमूठ काढून परत शिवणारा चोर असू शकेल का, म्हणून एका पोत्याची शिवण त्यांनी भिंग लावून तपासली. आणि सगळे संपल्यावर उरलं कोण? चौथ्या दिवशी सकाळी झरोक्याशी येऊन मला हळूच विचारतात, "वहिनी, खरं सांगा. मला कधी वखारीतून काही घेऊन येताना पाहिलंत?"

"अहो भावजी, काय बोलताय!"

"तसं नाही. किल्ल्या दोनच, माझी आणि मुंबईची. मग दुसरं कोण? माणसाला आपण काय करतो ते दर वेळी कळतंच असं नाही."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

वखारीत हिरडा निवडायला दहाबारा बाया असायच्या, डोंगरावरच्या वाड्यांतल्या. त्यांत हौसाबाई सगळ्यांत जुनी, वाकलेली, तोंडात एकही दात नाही पण जीभ धारेची. संध्याकाळी सुट्टी झाली की भावजी दारात उभे राहायचे आणि एकेकीला पदर झटकायला लावायचे. दोन हिरडे पदराला अडकले तरी काढून घ्यायचे. त्या दिवशी सुट्टी झाली तर साहेब पुढं झाले आणि भावजींना म्हणाले, "तुम्हीही जरा खिसे दाखवा. रीत आहे, वाईट वाटून घेऊ नका." आणि त्याच दारात, त्या बायांसमोर, भावजींनी कोटाचे खिसे उलटे केले. एक रुमाल, पेन्सिलीचा तुकडा आणि सुपारी. मी वन्संबरोबर त्यांचा रिकामा डबा आणायला गेले होते, डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात त्या दहाबारा बाया, कुणी सांगितलं नाही की खुणावलं नाही, सगळ्याच्या सगळ्या पाठ करून उभ्या राहिल्या. एक डोंगराकडे बघायला लागली, एक नुसतीच पाटी उलटीसुलटी करायला लागली. भावजींनी खिसे आत घातले आणि खाली मान घालून आमच्या पुढं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब भावजींच्याच ओसरीवर चहा पीत बसले होते, तर हौसाबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली. 

"सायेब, तुमी कुनाला हुडकताय?"

"बाई, माल कमी आलाय."

"कमी कशाचा? तुमी आखाडात मोजला तवा त्येच्यात पानी हुतं. आता ह्या थंडीच्या वाऱ्यानं त्ये ग्येलं. आमची गोधडी बी पावसात दोन मानसांनी उचलावी लागती. चोर धरायचाच तर वाऱ्याला धरा."

साहेबांचा कप वरच्या वर राहिला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"इचारलं कुनी? एवढे लिवनारे-वाचनारे तुमी, तुमास्नी ठावं नसंल आसं आमाला सपनात तरी येईल व्हय?" मग भावजींकडे हात करून म्हणाली, "आन् ह्यो मानूस चोरायचा न्हाई. चोरी कराया सोताच्या हातावर भरवसा लागतो. त्यो ह्याला हाय का?"

भावजींनी कपाळावर हात मारला. माणसांवर संशय घेता घेता हवेवर घ्यायचा राहून गेला होता! दूधवाल्याच्या चरवीतलं पाणी ज्याच्या नजरेतून सुटलं नाही, त्यानं आख्खा पाऊस वहीत जमा करून घेतला होता, केवळ हिरव्या पुस्तकात तसं लिहिलं होतं म्हणून.

पण साहेब म्हणाले, "मला पटलं, पण वर पटवायला पुरावा लागेल. डिसेंबरात पावसाळा कुठून आणू?" तेव्हा आमच्या वन्सं, ज्या आयुष्यात कुणा साहेबाशी बोलल्या नव्हत्या, दाराआडून म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघरात बारमाही पावसाळा असतो." आणि खरंच तसं होतं. दोन्ही घरांत मिळून ते एकच, खिडकी नाही, कोपऱ्यात तांब्याचा बंब, वाफेनं भिंती काळ्या. ठरलं. वखारीतलं एक पोतं मोजलं, साहेबांनी तोंडाला लाखेची मोहोर लावली, आणि ते न्हाणीघरात तिवईवर बसवलं. आठ दिवस. साहेब भंडारदऱ्याच्या बंगल्यात राहिले. त्यांनाही धरण बघायचं होतंच.

ते आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. आंघोळीला गेलं की समोर ते पोतं एखाद्या पाहुण्यासारखं बसलेलं. बाहेर भावजी स्टुलावर. त्यांना भीती कसली, तर घरातलंच कुणीतरी मायेपोटी पोत्यावर पाणी मारील. आणि भीती खोटी नव्हती हं! दुसऱ्याच दिवशी वन्सं मला झरोक्यातून म्हणाल्या, "अगं, एक तांब्या हळूच ओतते. कोण बघतंय? एकदाचं निभावून जाईल." मी म्हटलं, "ओता." तेवढ्यात पलीकडून आवाज, "मी ऐकतोय!" मग काय, आम्हाला मोजून दोन बादल्या, आणि बाहेरून विचारणा, "आवाज जास्त येतोय. कुठं ओतलंत?" वन्सं आतून ओरडल्या, "माझ्या डोक्यावर! येऊन बघता?" ज्या माणसाची अब्रू त्या पोत्यावर टांगली होती, तो माणूस त्या पोत्याला एका थेंबाची लाच मिळू देत नव्हता. वन्संनी मग मला डोळ्यांना पदर लावून सांगितलं, "चिडते गं मी, पण ह्या खुळ्या माणसाला कुणी चोर म्हणावं?"

आठव्या दिवशी साहेबांनी मोहोर तपासली आणि पोतं काट्यावर चढवलं. काटा वर गेला, चांगला दीड किलोनं. हौसाबाईनं साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती तंबाखू मळत बसली. साहेबांनी भावजींचा हात हातात घेतला, आणि भावजी म्हणतात काय, "एकाच पोत्यावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे." साहेब इतके हसले, की मफलर सुटला.

पुढं मोठ्या ऑफिसचं पत्र आलं, खुलासा मान्य असल्याचं. आणि वर्षभरानं हिरव्या पुस्तकाला एक छापील चिठ्ठी डकवायला आली, की ज्या मालाचं वजन हवामानानं बदलतं त्याची ओल तपासल्याशिवाय वही दुरुस्त करू नये. त्यात हौसाबाईचं नाव नव्हतं, राजूरचंही नव्हतं. भावजींनी ती चिकटवली, पण आता पुस्तक ओसरीवर वाचायला आणत नसत. बाकी संशय होता तसाच राहिला. दूधवाला तसाच कबूल व्हायचा, एस.टी.तल्या म्हाताऱ्यांना तशीच चौकशी. फक्त संध्याकाळी बायांचे पदर झटकून घ्यायला ते परत कधी दारात उभे राहिले नाहीत. कुणी कारण विचारलं नाही, आणि त्यांनीही ते कुठं नोंदवलं नाही.

काही वर्षांनी वखार बंद झाली. आम्ही नगरला आलो, ते दोघं राहुरीला मुलाकडे. शेवटची मी त्यांना भेटले तेव्हा वन्सं नव्हत्या. भावजी खाटेवर, डोळ्यांनी अधू, पण मी चहात साखर किती घातली ते विचारण्याइतके शाबूत. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि एकदम म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी दारात होतात. मी खिसे दाखवले, तेव्हा त्या बायांनी पाठ का फिरवली असेल? मला चोर समजल्या असतील का?"

इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता बघा! मी म्हटलं, "नाही हो भावजी. तुम्हाला लाज वाटू नये, म्हणून फिरवली."

बाहेर कुणी उसाची बैलगाडी हाकत चाललं होतं, तिच्या घुंगरांचा आवाज पार जाईपर्यंत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्यांनी तसं कुणाला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग पुरावा काय?"

"पुरावा काही नाही."

त्यांनी चहाची बशी चाचपडत खाली ठेवली. "असू दे," म्हणाले, "तरी तसंच असेल."